‘बघून येतो’ म्हणता आलं पाहिजे: दुकानातल्या आग्रहाला तोंड कसं द्यायचं

बेळगावच्या शहापुरात साडीच्या दुकानात गादीवर बसलं की आधी पाणी येतं, मग चहा येतो, आणि चहा संपेपर्यंत समोर वीसेक साड्यांच्या घड्या मोडलेल्या असतात. आता हात हलवत उठायचं कसं, हा विचार मनात आला की निम्मी विक्री झालीच. आपल्याकडे गिऱ्हाईक खोट्या मालाने फसतं त्याहून जास्त भिडेने फसतं. ‘एवढ्या साड्या काढायला लावल्या’, ‘पाहुण्यांनी पाठवलंय’, ‘अक्का अक्का म्हणत होता पोरगा’. भीड भिकेची बहीण हे कुणीतरी बाजार बघूनच म्हटलेलं असणार.

तेव्हा एक गोष्ट आधी डोक्यात बसवून घ्यावी. घड्या मोडणं हे त्या पोराचं काम आहे आणि त्याचा पगार त्याला दुकानातून मिळतो. त्याच्यावर महिन्याचं टार्गेट असतं, पडून राहिलेल्या मालावर किंवा ठरावीक ब्रँडवर जादा इन्सेंटिव्ह असतो, म्हणून तो आग्रह करतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि मोबाईलच्या मोठ्या दुकानांत तर समोरचा टी-शर्टवाला बऱ्याचदा दुकानाचा नसतोच. तो एखाद्या कंपनीचा प्रमोटर असतो, त्याला दुसऱ्या कंपनीचा टीव्ही चांगला वाटणं शक्यच नाही. आत शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: “तुम्ही दुकानाचे की कंपनीचे?” उत्तर कंपनीचं नाव आलं तर त्याच्याकडून फक्त त्याच कंपनीची माहिती घ्यावी, तुलना त्याला विचारू नये.

घरातून निघण्याआधी

एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्या: काय घ्यायचं, कुठल्या मापाचं, आणि सगळं धरून जास्तीत जास्त किती. ‘सगळं धरून’ महत्त्वाचं. फ्रिज असेल तर लिटर, जिथे ठेवायचा त्या जागेची रुंदी-उंची आणि दार उघडायला लागणारी जागा टेपने मोजून लिहावी. वॉशिंग मशीन असेल तर किलो, आणि नळाचं तोंड कुठे आहे ते. कागद खिशात असला की ‘साहेब, तीनशे लिटरच घ्या, पुढे लागतोच’ याला उत्तर शोधावं लागत नाही, कागद दाखवला की झालं. ठरवलेला आकडा मात्र दुकानात उच्चारू नये. वीस हजार म्हटलं की अठराची वस्तू मागच्या रांगेत जाते आणि बावीसची पुढे येते. “आधी साधं मॉडेल दाखवा, मग वर जाऊ” एवढंच म्हणावं.

मोह आवरत नसेल तर क्रेडिट कार्ड घरी ठेवून जावं. दोघांनी जाताना कामं वाटून घ्यावीत: एकाने वस्तू बघायची, दुसऱ्याने घड्याळ बघायचं. तासाभराने दुसऱ्याने “चला, एसटी चुकेल” म्हणायचं आणि पहिल्याने खरंच उठायचं. शक्य असेल तर मधल्या वारी दुपारी जावं. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा-दिवाळीच्या गर्दीत सेल्समनला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो आणि तुम्हाला विचार करायला.

नाही म्हणायचं वाक्य

नकाराला कारण जोडू नये. सगळी युक्ती यातच आहे. रंग आवडला नाही म्हटलं की दुसरा रंग येतो, बजेट नाही म्हटलं की ईएमआय येतो, घरी विचारतो म्हटलं की “व्हिडिओ कॉल लावा की, आत्ता दाखवतो” येतं. प्रत्येक कारणाला उत्तर देण्याचं प्रशिक्षण त्याला मिळालेलं असतं. कारणच नसेल तर उत्तर कशाला देणार? संवाद साधारण असा चालतो:

“अक्का, हा पीस तुमच्यासाठीच आलाय बगा. खांद्यावर टाकून तर बगा.”
“छान आहे. आज नको, बघून येतो.”
“काय पटलं नाही सांगा की, दुसरा काढतो.”
“छान आहे रे. बघून येतो.”
“शेठला सांगून पाचशे कमी करतो, बसा.”
“बरं. बघून येतो आम्ही.”

तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं की पोरगा स्वतःच घडी घालायला घेतो. आवाज चढवायचा नाही, शब्द बदलायचे नाहीत, आणि तिसऱ्या वेळी म्हणताना उभं राहिलेलं असायचं. बसून दिलेला नकार या बाजारात कुणी मनावर घेत नाही. सेल्समन कन्नडच बोलणारा असेल तर “ब्याड री” म्हणजे नको, आणि “नोडकोंड बर्तीव री” म्हणजे बघून येतो. गोकाक-चिकोडीकडे ही दोन वाक्यं पुरतात. त्याच्या भाषेत दिलेला नकार त्याला लागतही नाही आणि तो पुढे ताणतही नाही.

चहाचं म्हणाल तर खुशाल प्यावा. चहा दुकानाच्या खर्चात धरलेला असतो, त्याने साडी घेण्याचं बंधन येत नाही. मात्र तुमची पिशवी काउंटरमागे ‘सांभाळून’ ठेवू देऊ नये, आणि चपला काढून गादीवर बसण्याआधी उभ्यानेच पाच मिनिटं भाव विचारून घ्यावेत. एकदा बसलं, पिशवी आत गेली, पोरांनी मांडी ठोकली की उठायला तिप्पट बळ लागतं.

नेहमीचे डाव ओळखायला सोपे आहेत. पहिली साडी बारा हजारांची दाखवतात, कारण त्यानंतर सहा हजार स्वस्त वाटतात. ‘शेवटचा पीस’ म्हटलं तर ‘असू दे’ म्हणावं. तसाच पीस आतून निघाला नाही तर गोष्ट वेगळी. ‘शेठला विचारून येतो’ म्हणून पोरगा आत जातो आणि तोंड पाडून परत येतो, तेव्हा बऱ्याचदा शेठने कमीत कमी भाव त्याला सकाळीच सांगितलेला असतो. जुन्या कापड दुकानांत चिठ्ठीवर किमतीशेजारी दोन-चार अक्षरं दिसतात. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवून प्रत्येक अक्षराला एक आकडा दिलेला असतो आणि त्यात खरेदीची किंमत लिहिलेली असते. ती अक्षरं तुम्हाला वाचता येणार नाहीत, पण ती असली की भाव सुटायला जागा आहे एवढं समजावं.

सीमाभागाचा एक खास डाव आहे. निपाणीत सांगतात, कोल्हापुरात हेच हजाराने जास्त. बेळगावात सांगतात, हा माल कोल्हापुरात मिळणारच नाही. आणि कोल्हापुरात सांगतात, कर्नाटकात टॅक्स जास्त. शेवटचं तर साफ खोटं. जीएसटीचा दर दोन्ही राज्यांत एकच असतो. पेट्रोल आणि दारू जीएसटीबाहेर आहेत, म्हणून फरक तिथे पडतो, मिक्सरला नाही. ‘खरी कोल्हापुरी चप्पल फक्त कोल्हापुरात’ हेही तसंच. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांसोबत बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत.

बस्ता बांधताना

लग्नाचा बस्ता हा सेल्समनचा सोन्याचा दिवस. खानापूर, चंदगड, निपाणीकडून गाडी भरून पंधरा-वीस माणसं येतात, त्यात दोन्हीकडची मानाची माणसं असतात, आणि कुणालाच समोरच्या पाहुण्यांसमोर ‘महाग आहे’ म्हणायचं नसतं. पोरं हे बरोबर हेरतात. साडी नवऱ्या मुलीला न दाखवता विहीणबाईंना दाखवतात आणि विचारतात, “पाहुण्यांना ही चालेल का?” आता नाही कोण म्हणणार?

म्हणून दोन्ही घरांनी आधी बसून यादी करावी. शालू, साखरपुड्याची, हळदीची, विहिणीची, करवलीची, मग मानाच्या दहा-बारा आणि आहेराच्या पंचवीस-तीस, असे गट पाडावेत आणि प्रत्येक गटापुढे एका साडीची मर्यादा लिहावी. दुकानात बोलणारा माणूस एकच ठेवावा, शक्यतो ज्याच्या खिशातून पैसे जाणार तो नव्हे. “दादा ठरवतील ते” म्हणायची सोय राहते.

क्रम उलटा ठेवावा. बहुतेक घरं आधी शालू बघतात. शालू पसंत पडला की दुकानाला कळतं, ही मंडळी आता कुठे जात नाहीत, आणि आहेराच्या साड्यांचा भाव ताठ होतो. आधी आहेराच्या तीस साड्यांचा भाव पाडून घ्यावा, तो कागदावर लिहून घ्यावा, मग मानाच्या, आणि शालू सगळ्यात शेवटी. ‘होलसेल भाव’ म्हणजे नेमका किती साड्यांपासून, ते विचारावं. गठ्ठ्यातल्या प्रत्येक साडीची घडी मोडून बघावी. आहेराच्या गठ्ठ्यात डाग, सुटलेला धागा, ब्लाऊजपीस नसणं हे नेहमी सापडतं, आणि ते आपल्याला कळतं ते मांडवात.

शालू ‘प्युअर सिल्क’ म्हणून विकत असतील तर सिल्क मार्कचं होलोग्राम असलेलं लेबल बघावं आणि बिलावर ‘शुद्ध रेशीम’ लिहून मागावं. खरा माल असेल तर लिहायला अडचण नसते. “लेबल नसलं तरी सिल्कच आहे हो” असं म्हणत लिहायला टाळाटाळ झाली तर सिल्कचा भाव द्यायचा नाही. दुकानात घेऊन जाणाऱ्या ‘ओळखीच्या’ माणसाला कधीकधी मागून कमिशन मिळतं. त्याच्याबरोबर गेलात तर भाव त्याच्यासमोर ठरवू नये.

सोन्याच्या दुकानात

इथला आग्रह मऊ असतो, आरशासमोर हार घालून सुरू होतो. पण पैसे जातात ते दरात नव्हे, मजुरीत. सोन्याचा दर सगळीकडे जवळपास सारखा; आपल्याकडे ‘वेस्टेज’ किंवा ‘व्हीए’ म्हणतात आणि घाटावर घडणावळ म्हणतात, तो टक्का मात्र दुकानागणिक वेगळा. हिशोबाला सोपं म्हणून ग्रॅमला १०,००० दर धरा. दहा ग्रॅमच्या दागिन्यावर १२ टक्के आणि १८ टक्के यांतला फरक ६,००० रुपयांचा आहे. सेल्समन दरात ग्रॅममागे पन्नास रुपये सोडून तुम्हाला खूश करतो, ते होतात पाचशे. दरावर घासाघीस करत बसू नये, टक्क्यावर करावी.

चार आकडे वेगळे लिहून मागावेत: एकूण वजन, खड्यांचं वजन, निव्वळ सोन्याचं वजन, मजुरी. खडे सोन्याच्या भावात तोलले जात नाहीत ना ते यातच कळतं. जीएसटी ३ टक्के, आणि हॉलमार्कचा आकार नगाला ४५ रुपये अधिक कर. त्याहून जास्त ‘हॉलमार्क चार्ज’ लावला तर कशाचा ते विचारावं. दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०) आणि अक्षरं-आकडे मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून या सहा चिन्हांच्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. काउंटरवरच भिंग मागावं आणि बीआयएस केअर ॲपमध्ये क्रमांक घालावा. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातात अंगठी आणि ॲपवर कर्णफुलं दिसली तर तिथेच थांबावं.

‘बिल नको असेल तर तीन टक्के वाचतात’ हा आग्रह सर्वांत महाग पडतो. एस्टिमेटच्या चिठ्ठीवर पुढे मोड घालताना ना वजन सिद्ध होतं ना शुद्धता. दरमहा हप्ता भरायच्या योजनेत नाव घालायचा आग्रह झाला तर तिथल्या तिथे सही करू नये, छापील अटी घरी आणाव्यात. बोनस रोख मिळतो की फक्त मजुरीत सूट, मधे हप्ता चुकला तर काय, आणि पैसे रोख परत मिळतात का, या तीन ओळी आधी शोधाव्यात.

फ्रिज, टीव्ही, मोबाईल

एकच प्रश्न पाठ करावा: “घरात चालू होईपर्यंत एकूण किती?” एसीला जादा तांब्याचा पाइप आणि बाहेरच्या युनिटचा स्टँड, टीव्हीला भिंतीचा ब्रॅकेट, वॉशिंग मशीनला स्टँड, गावापर्यंत गाडीभाडं, हे सगळं पैसे भरल्यावर एकेक करून बाहेर येतं. आकडा आधी लिहून घेतला की येत नाही.

स्टॅबिलायझरचा आग्रह मात्र दरवेळी खोटा नसतो. फ्रिजवर ‘स्टॅबिलायझरशिवाय चालतो’ असं लिहिलेलं असतं, त्याशेजारी व्होल्टेजची मर्यादाही असते. बेळगाव शहरात ती पुरेल. खानापूर तालुक्यातल्या आतल्या गावात संध्याकाळी दिवे पिवळे पडत असतील तर नाही. घरचं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घेऊन मगच ठरवावं. ‘पाच स्टार घ्या, बिल वाचतं’ याचाही हिशोब करता येतो. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. दोन मॉडेलमधला युनिटांचा फरक गुणिले हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावरचा तुमचा दर, एवढी वर्षाची बचत. जादा किमतीला तिने भागलं की किती वर्षांत वसूल ते कळतं. लेबल कुठल्या काळासाठीचं आहे तेही त्यावरच असतं, जुन्या लेबलचे स्टार आजच्या स्टारशी जुळतीलच असं नाही. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत वीज मोफत मिळत असेल तर उलटा विचार लागतो: २०० युनिटांच्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं, एसी घेताना हे कुणी सांगत नाही, म्हणून ते आपणच धरावं.

‘नो कॉस्ट ईएमआय’ला आधी रोखीचा भाव विचारावा. उदाहरणार्थ मोबाईल ४,००० चे सहा हप्ते म्हणजे २४,०००. रोख दिले तर दुकान २२,८०० ला देत असेल, आणि वर ४९९ प्रोसेसिंग फी अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ५८९, तर ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट १,७८९ झाली. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवलेलं आहे. फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात वार्षिक एकूण दर, फी, विमा सगळं एका जागी असतं. तो कागद मागितला की विमा आणि मेंबरशिप कार्ड गुपचूप घातलंय का ते दिसतं.

“फक्त एलिजिबिलिटी बघतो, ओटीपी सांगा” इथे हात आखडावा. ओटीपी सांगणं म्हणजे सही करणं. त्यातून कर्जाचा अर्ज जातो आणि सिबिलमध्ये चौकशीची नोंद पडते, वस्तू घेतली नाही तरी. भाव पक्का होण्याआधी जुन्या फोनमधलं सिम काढू देऊ नये, डेटाही हलवू देऊ नये. अर्धा डेटा गेल्यावर कुणीच उठत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी कंपनीची की दुसऱ्या कुणाची, कधीपासून सुरू आणि काय वगळलंय, एवढं विचारून ‘नंतर घेतो’ म्हणावं. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती विकतात. टेम्पर्ड ग्लासला भाव विचारल्याशिवाय काच सोलू देऊ नये.

बिलिंगच्या काउंटरवर

इथे आग्रह घाईतून येतो, कारण मागे रांग असते. सॉक्स, पॉलिश, मेंबरशिप, ‘एक रुपया दान’, सगळ्याला एकच “नको”. मोबाईल नंबर सक्तीचा नाही, ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२३ मध्ये दुकानदारांना तसं बजावलं आहे. “नंबर देत नाही, कागदी बिल द्या.” छापील एमआरपीत सगळे कर आलेले असतात, त्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही.

पक्क्या बिलावर जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे कर्नाटकच्या दुकानाला २९, महाराष्ट्राच्या दुकानाला २७. कन्नडमध्ये मागायचं झालं तर “पक्का बिल कोड री”.

पैसे देण्याआधी विचारावं: बदलून देता का, किती दिवसांत, पैसे परत की क्रेडिट नोट? कारण दुकानात जाऊन घेतलेली चांगली वस्तू ‘आता नको वाटते’ म्हणून परत घ्यायची सक्ती कायद्यात नाही, ते दुकानाच्या नियमावर आहे. सदोष वस्तूचं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिलावर मुदत छापलेली असेल तर त्या मुदतीत, आणि नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं.

दुकानदार ऐकत नसेल तर आधी लेखी द्यावं, व्हॉट्सॲपवर दिलं तरी तारीख राहते. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा, मराठीत बोलता येतं. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. सीमाभागाला यातली सोयीची गोष्ट म्हणजे तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कोल्हापुरात घेतलेल्या टीव्हीसाठी निपाणीकराला कोल्हापूरला खेटे घालायला नकोत, बेळगावचा आयोग चालतो.

त्यासाठी बिल वाचता आलं पाहिजे. गुळगुळीत थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पांढरं पडतं, तिजोरीत ठेवलं तरी. घरी आल्या आल्या बिल, वॉरंटी कार्ड आणि खोक्यावरचा सिरियल नंबर यांचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही पाठवून ठेवावेत.